हात थांबला पाहिजे

साक्षरता वर्गाचं शेवटचं पुस्तक संपलं, त्या दिवशी नंदाबाईंनी नवऱ्याकडं एक वस्तू मागितली. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांनी तोंड उघडून मागितलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, म्हणून भुजंगरावांनी चष्मा काढून नीट ऐकलं. साडी म्हणेल, फार तर तुळजापूरला न्या म्हणेल, असा त्यांचा अंदाज. नंदाबाई म्हणाल्या, तुमचं पुस्तक द्या, वाचायचंय.

भुजंगरावांनी घाईघाईनं चष्मा पुन्हा चढवला.

आता कुणी म्हणेल, लेखकाला ह्याहून मोठं सुख कोणतं? निरक्षर म्हणून घरात आलेली बायको चाळिशीला टेकल्यावर अक्षरं शिकते आणि पहिलं पुस्तक मागते ते नवऱ्याचं. पण चोराच्या मनात चांदणं. त्या कादंबरीतलं एकशे बारावं पान नंदाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं आणि जन्मात ऐकू नये, असा भुजंगरावांचा बंदोबस्त होता. तो सगळा बंदोबस्त नंदाबाईंना वाचता येत नाही एवढ्याच एका गोष्टीवर उभा होता, आणि सत्यशीलानं तो आठ महिन्यांत पाडला होता.

सत्यशीला ही नवीन जालन्यातल्या एका शाळेत मास्तरीण. संध्याकाळी गल्लीतल्या बायांना शिकवायची आणि रविवारी भुजंगरावांच्या कथालेखनाच्या वर्गाला पहिल्या बाकावर बसायची. बाराखडी शिकायला नंदाबाई तिच्याकडं जातात, हे भुजंगरावांना कळलं तेव्हा त्या जोडाक्षरांपर्यंत पोचल्या होत्या. लोक गमतीनं म्हणाले, सर, गावाला लिहायला शिकवता आणि घरात दिव्याखाली अंधार. सर हसले. त्यांनी बायकोला कधी शिकवलं नाही ते वेळ नव्हता म्हणून, असं ते सांगत. खरं कारण त्यांना ठाऊक होतं, आणि ते फार काही शोभणारं नव्हतं.

पुस्तक अवघड आहे, आधी मुलांच्या गोष्टी वाच, असं त्यांनी सांगून पाहिलं. नंदाबाई म्हणाल्या, "मी ऐकलेलीच हाय की ती समदी. ऐकलेलं वाचायला सोपं जातं, सत्यशीला म्हणती." झालं. काचेच्या कपाटातून त्यांनी स्वतःच्या हातानं प्रत काढून दिली.

भुजंग रखमाजी उढाण म्हणजे काही ऐरागैरा लेखक नव्हे. १९८१ साली परतूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागले, ८७ साली ‘तिफणीमागं’ ही पहिली कादंबरी आली आणि पुण्याच्या प्रकाशकानं दोन वर्षांत तिची दुसरी आवृत्ती काढली. पुरस्कार मिळाला, जालन्याच्या कॉलेजात नोकरी मिळाली, आणि ९२ पासून वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दर रविवारी वर्ग सुरू केला. बियाण्याच्या कंपनीतला कारकून, अंबडच्या कोर्टातला टंकलेखक, शाळामास्तर, कॉलेजची पोरं असे पंधरा-वीस जण यायचे. त्यातल्या सहा-सात जणांच्या कथा दिवाळी अंकांत छापून आल्या, तेव्हा वाचनालयाच्या अण्णासाहेबांनी वर्गासाठी एक कापडी फलक करून घेतला. त्याच्यावर सरांचं आवडतं वाक्य रंगवलं होतं: हात थांबला पाहिजे.

सर सांगत, वाचणारा माणूस कामातला असतो. त्याचा हात कशात तरी गुंतलेला असतो. तुमच्या ज्या ओळीला त्याचा हात थांबेल तेवढीच ओळ ठेवा, बाकी काढून टाका. पोरं वहीत उतरवून घेत. नवीन मुलाची कथा वाचून झाली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारायचं, थांबला का रे हात? कुणाचा हात, हे मात्र सरांनी चार वर्षांत कधी सांगितलं नाही.

तो हात नंदाबाईंचा होता.

ह्याच्यामागं एक मे महिना आहे. ८३ सालचा. भुजंगरावांची धाकटी बहीण पुष्पा हिचं लग्न गावात होतं, आणि शाळेला सुटी लागल्यावर भुजंगराव, नंदाबाई आणि चार वर्षांची प्रभा परतूरहून गावी आले होते. लग्न तीन दिवसांवर आलं तेव्हा पोरीला ताप भरला. भुजंगराव तिला घेऊन रेल्वेनं जालन्याला दवाखान्यात गेले, संगतीला चुलतभाऊ कडूबा. नंदाबाई निघाल्या होत्या, पण सासू साळूबाई म्हणाली, थोरली सून तू, मांडव घातलेला, परवा तर येतील की पोरीला घेऊन. पोरगी आली नाही. ताप डोक्यात गेला आणि दुसऱ्या पहाटे दवाखान्यातच तिनं जीव सोडला.

आता इकडं रीत अशी, की सुतक लागतं ते ऐकल्यापासून. घरात कुणी ऐकलंच नाही, तर लागत नाही. कडूबा सकाळच्या गाडीनं गावी गेला, त्यानं भुजंगरावांच्या वडिलांना, रखमाजीला, मागच्या अंगणात बोलावून सांगितलं आणि दुपारच्या गाडीनं त्यांचा निरोप घेऊन परत आला. पुष्पीची सोयरीक मागं एकदा सुपारी फुटून मोडलेली आहे. आता हळद लागल्यावर लग्न थांबलं, तर पोरीला कुणी पदरात घेणार नाही. मातीचं तिकडंच उरका, आणि लग्न होऊस्तोवर भुजंगनं गावात पाय ठेवू नये.

भुजंगरावांनी पाय ठेवला नाही. लेकीला जालन्यातच मातीआड केलं, आणि एका ओळखीच्या मास्तराच्या घरी दोन दिवस चटईवर पडून राहिले. रेल्वे होती, एसटी होती, खिशात भाड्याचे पैसे होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गावी पोचले तेव्हा मांडवाचे डांब काढणं चाललं होतं. नंदाबाईंना त्यांनी सांगितलं, दवाखान्याचे कागद होईनात, म्हणून अडकलो. नंदाबाई त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिल्या आणि घरात निघून गेल्या.

जूनमध्ये दोघं परतूरला परत आले. नंदाबाई भाकरी करत, पाणी भरत, धुणं धूत, फक्त बोलत नसत. हो आणि नाही एवढंच. सहा आठवडे घर असं होतं. शाळेतून आल्यावर भुजंगरावांना पाच वाजताचं ते घर सोसेना. बायको ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत बसलेली असायची, म्हणून एक दिवस ते समोर वही घेऊन बसले आणि स्वतः लिहिलेलं काहीतरी मोठ्यानं वाचायला लागले. बोलणं नाही तर निदान आवाज तरी होईल, एवढाच त्यात हेतू. अंबडच्या कोर्टात एक म्हातारा दर तारखेला डबा घेऊन येतो. त्याचा खटला निकाली लागून सहा वर्षं झालेली असतात, पण कोर्टाच्या लिंबाखालची सावली त्याला आवडलेली असते, असं काहीतरी होतं ते. वाचता वाचता त्यांचं लक्ष गेलं. नंदाबाईंचा हात सुपात थांबला होता. भुजंगराव श्वास घ्यायला थांबले, तर त्या म्हणाल्या, "मंग?"

सहा आठवड्यांनी आलेला तो पहिला शब्द. भुजंगरावांना रडू फुटलं असतं, पण त्यांनी पुढचं पान उलटलं.

त्या ‘मंग’वर पुढची सगळी कादंबरी उभी राहिली म्हटलं तरी चालेल. रोज पाच वाजता ओट्यावर सूप आणि वही. जिथं नंदाबाईंचा हात थांबेल तिथं भुजंगराव समासात लाल पेन्सिलीची बारीक खूण करत, आणि जिथं हात चालूच राही तो भाग रात्री आडवी रेघ मारून काढून टाकत. नंदाबाईंना काही कळत नाही असं धरून चाललेलं हे काम. चार वर्षं, अकरा वह्या. पुण्याच्या प्रकाशकानं लिहिलं होतं, तुमच्या लेखनात फापटपसारा अजिबात नाही, हा संयम तुम्ही कुठं शिकलात? भुजंगरावांनी ते पत्र अजून जपून ठेवलं होतं, पण उत्तर दिलं नव्हतं.

फक्त एक प्रकरण त्यांनी ओट्यावर वाचलं नाही. त्यात एक बाप होता. लेक गेल्यावर तो बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस परगावात लपून राहतो आणि बायकोला थाप मारतो. आणि एक माय होती. तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळतं, आणि ती अंगणात गडाबडा लोळते, चार बायांना आवरत नाही. एकशे बारावं पान ते हेच. परीक्षणांत ह्या पानाचं फार कौतुक झालं. एकानं लिहिलं, बापाचा भेकडपणा इतक्या निर्भीडपणे मांडायला छाती लागते. छाती होतीच. महाराष्ट्रातल्या तीन हजार अनोळखी माणसांपुढं भुजंगरावांनी कबुली दिली होती. एक माणूस तेवढा वगळला होता.

तर ते पुस्तक आता नंदाबाईंच्या हातात होतं.

दिवाळीपर्यंत त्या नवव्या पानावर होत्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, शब्द जुळला की मान डोलवत. भुजंगराव पेपर वाचण्याच्या मिषानं शेजारी बसायचे आणि पानाचा आकडा चोरून पाहायचे. ह्या चालीनं तीन वर्षं लागतील, असा त्यांनी हिशेब केला आणि थोडं बरं वाटलं. पण संक्रांतीला पाहतात तर पान एकसष्ट. मधून मधून त्यांनी दुसरी पुस्तकं आणून ठेवली, मोठ्या अक्षरांची, चित्रांची. एकदा तर पुस्तक बाइंडिंगला टाकतो म्हणाले. नंदाबाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, चांगलं तर हाय.

ते पान कापून टाकावं, असंही एकदा मनात आलं. ब्लेड हातात घेऊन ते कपाटापाशी उभे राहिले आणि स्वतःचीच लाज वाटून परत फिरले. सांगून टाकावं, हे सगळ्यात सोपं होतं. रोज संध्याकाळी ठरायचं आणि रोज भाजी निवडता निवडता राहून जायचं.

त्याच दिवसांत वर्गात सत्यशीलानं तिची कथा वाचली. तिची आई चांगुणाबाई कपाशीच्या बीजप्लॉटवर रोजानं जायची, संध्याकाळी कळ्या सोलायच्या आणि सकाळी एकेका कळीला नराचं फूल लावायचं. कथेत मुकादम सगळ्यांदेखत आईला जातीवरून टाकून बोलतो, आणि त्यानंतर पानभर नुसतं एवढंच, की आई फुलं लावत राहिली. ह्या ओळीचं झाड, त्या ओळीचं झाड, खुणेचा दोरा, पुन्हा फूल. सर म्हणाले, प्रसंग जोरदार आहे, पण त्याच्यापुढचं पान काढा, तिथं हात थांबत नाही. सत्यशीला काहीतरी बोलणार होती. मग बरं म्हणाली आणि तिनं त्या पानावर रेघ मारली. सरांचं अर्धं लक्ष घरी होतं. सकाळी त्यांनी पाहिलं होतं, पान एकशे चार.

मार्चमधला बुधवार होता. कॉलेजातून भुजंगराव पाचला आले. ओट्यावर गावाकडून आलेल्या नव्या ज्वारीचं पोतं उघडलेलं, नंदाबाईंच्या मांडीवर सूप, आणि शेजारी पुस्तक उघडं पालथं घातलेलं. त्यांनी पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. पालथ्या पुस्तकाच्या जाडीवरून त्यांना कळलं.

नंदाबाईंनी मान वर केली नाही. "बसा," म्हणाल्या. "बाप खरा लिवलाय तुमी. माय खोटी लिवलीय."

भुजंगराव ओट्याच्या कडेवर बसले. त्यांनी तयार करून ठेवलेली सगळी वाक्यं बापाबद्दलची होती. मायबद्दलचं एकही वाक्य त्यांच्यापाशी नव्हतं. खोटी म्हणजे, एवढंच ते विचारू शकले.

मग नंदाबाईंनी सांगितलं. आवाज न चढवता, मधे मधे खडा वेचून बाजूला टाकत. कडूबा भाऊजी आले त्या दिवशी लग्नाचा गहू निवडायला गल्लीतल्या दहा-बारा बाया बसल्या होत्या. नंदाबाईंची जागा मागच्या कुडाला लागून. कुडाच्या पलीकडं कडूबा सासऱ्याला सांगत होता आणि कूड तुराट्यांचा, कान द्यायचीसुद्धा गरज नव्हती. प्रभा गेली हे त्यांनी ऐकलं. कुठं पुरायचं ते ऐकलं. भुजंगला तिकडंच ठेव, हेही ऐकलं.

"मंग तू…"

"मंग काय. निवडत राह्यले."

भुजंगरावांना ते एकदम समजलं नाही. चौदा वर्षं ज्या घरात आपण एकटेच चोर होतो असं त्यांना वाटत होतं, त्या घराची भिंत सरकली आणि पलीकडं बायको बसलेली दिसली.

"हात थांबला असता, तर शेजारच्या बाईनं इचारलं असतं, काय झालं," नंदाबाई म्हणाल्या. "इचारलं असतं तर तोंडातून निघालं असतं. मंग सुतक. पुष्पी समोर पाटावर बसल्ती, हळद लावलेली. तिचं एकदा मोडल्तं. म्हून हात थांबू दिला न्हाई. त्या दिवशी मी दोन पायल्या गहू एकटीनं निवडला. बाया म्हणू लागल्या, थोरलीला काय घाई झालीय."

लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या, पंगती वाढल्या, पुष्पाची पाठवणी केली. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भुजंगराव येऊन सांगू लागले, तेव्हा त्या रडल्यासुद्धा नाहीत. गडाबडा लोळणं तर लांबच. रडायची वेळ निघून गेली होती.

भुजंगराव म्हणाले, एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस. म्हणाले आणि जीभ चावली.

"तुमी तरी कुठं सांगितलं?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, शेजारच्या घरात कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं. नंदाबाई पुन्हा बोलल्या, आणि ह्या वेळी त्यांच्या आवाजात ते चौदा वर्षांचं सगळं होतं.

"दोन दिवस मी वेशीकडं पाहून राह्यले. वाटायचं, मामंजीचं काय बी ऐकणार न्हाईत, येताल तुमी. तुमी मांडवात पाय ठेवला असता ना, तर मी सूप खाली ठेवलं असतं. लगीन मोडलं असतं तरी ठेवलं असतं."

भुजंगरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांना लोकांनी भेकड म्हटलं होतं, परीक्षणांत, कौतुकानं, आणि त्यांनी ते मिरवलं होतं. नंदाबाईंनी तो शब्द उच्चारलासुद्धा नाही. ते रडले, आणि नंदाबाईंनी त्यांना रडू दिलं. थोड्या वेळानं उठून पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या मनात दुसरी गोष्ट आली. लेखक मेला तरी लेखकच. त्यांनी विचारलं, "परतूरला मी वाचायचो, तवा तुझा हात थांबायचा. ते?"

"तुमी लाल खुणा करायचे ते?" म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. "तवा गोष्ट चांगली वाटायची. त्या कोर्टातल्या म्हाताऱ्याची चांगली होती. कधी कधी खडाच निघायचा."

"आन चालू राह्यचा तवा?"

नंदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "लई खरं असलं का मी जल्दी जल्दी निवडायचे," त्या म्हणाल्या. "थांबलं का मंग रडू येतं."

त्या रात्री नाही, पण गुरुवारी सकाळी भुजंगरावांनी कॉलेजात रजा टाकली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. अकरा वह्या. लाल खुणांकडं त्यांनी पाहिलं नाही, आडव्या रेघांखालचं वाचलं. सातव्या वहीत एक परिच्छेद होता. पोरगी गेल्यावर खाटेखाली तिची एकच चप्पल राहते आणि घरातली बाई रोज झाडताना ती चप्पल उचलते, झाडते आणि पुन्हा तिथंच ठेवते. आठ ओळी. त्यांना तो दिवस आठवला. नंदाबाईंचा हात त्या दिवशी इतक्या भराभर चालला होता, की कोंडा उडून त्यांच्या वहीवर आला होता, आणि त्यांना वाटलं होतं, हिला कंटाळा आला. त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या, एक पुरली नाही म्हणून. चप्पल काही त्यांनी मनानं रचलेली नव्हती. ती परतूरच्या त्या घरात खरोखर खाटेखाली होती, आणि आज कुठं असेल, हे विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.

दुपारपर्यंत ते पेटीपाशी बसून होते. अशा पस्तीस-चाळीस जागा सापडल्या. चांगल्या-वाईटाची पारख आपल्याला आहे, असं समजून त्यांनी चार वर्षं हिऱ्याला कोळसा म्हणून फेकलं होतं, आणि पुढची चार वर्षं हीच पारख पंधरा-वीस जणांना शिकवली होती. कपाटातल्या त्या प्रतीत एकशे बाराव्या पानाच्या समासात त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पेन्सिलीनं, मोठ्या, वाकड्या अक्षरांत, कागद फाटेल एवढा जोर देऊन लिहिलेलं होतं: तिनं ऐकल्तं. साक्षरता वर्गात सही सोडली तर नंदाबाईंनी स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे पहिलंच वाक्य असावं.

रविवारी वर्गात सरांनी सगळ्यात आधी अण्णासाहेबांना सांगून फलक उतरवून घेतला. अण्णासाहेबांना वाटलं, कापड मळलंय म्हणून धुवायला देत असतील. मग सरांनी ती प्रत सत्यशीलाच्या हातात दिली आणि एकशे बारावं पान वाचायला सांगितलं, समासासकट. तिनं वाचलं. समासातल्या दोन शब्दांशी आली तेव्हा तिनं ते अक्षर ओळखलं आणि मान वर केली.

सरांनी मग सांगितलं, कुणाचा हात ते. सगळं नाही, पण पुरेसं सांगितलं. शेवटी म्हणाले, मी तुम्हांला अर्धंच शिकवलं, आणि तेही उलटं. मागच्या बाकावर कुणी हसलं नाही. वर्ग सुटल्यावर त्यांनी सत्यशीलाला थांबवून घेतलं आणि तिच्या कथेतलं ते काढलेलं पान परत लिहून आणता येईल का, असं विचारलं. सत्यशीलानं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "टाकलं न्हाई सर," ती म्हणाली. "माय कशी दिसायची तवा, ते तेवढंच होतं माझ्यापाशी."

सर ते पान जिन्यात उभ्यानं वाचत राहिले.

तिसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू का, असं प्रकाशकाला विचारणारं पत्र भुजंगरावांनी लिहिलं आणि फाडून टाकलं. नंदाबाईंचं म्हणणं, छापलेलं ऱ्हाऊ द्या, तवा तुमाला तेवढंच ठाऊक होतं. मग त्यांनी नवी वही घेतली. वाकून वाकून पाठ दुखेपर्यंत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तुराट्यांचा कूड, अलीकडं दहा-बारा बाया, पाटावर पिवळी झालेली पोरगी, आणि कुडाला टेकून बसलेली थोरली सून. ती काय विचार करते, त्याबद्दल एक शब्द घातला नाही. फक्त गहू, खडे, आणि हात. चार पानं व्हायला दीड महिना लागला.

मेमध्ये एका संध्याकाळी पाच वाजता ते वही घेऊन ओट्यावर आले. सात-आठ वर्षांत त्यांनी असं काही वाचून दाखवलं नव्हतं. पुरस्कार मिळाल्यापासून ती सवय मोडली होती, दुसरी कादंबरी त्यांनी एकट्यानंच लिहिली होती आणि ती कशी झाली हे सगळ्यांना माहीत आहे. नंदाबाई म्हणाल्या, आता मला वाचता येतं की. भुजंगराव म्हणाले, असू दे, मी वाचतो. नंदाबाईंनी सूप मांडीवर ओढलं.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. कडूबा सकाळच्या गाडीनं उतरतो. मागच्या अंगणात येतो. कुडापलीकडं बोलणं सुरू होतं. एका ठिकाणी भुजंगरावांनी तीच ओळ दोनदा वाचली आणि पुढं गेले. लाल पेन्सिल खिशात होती, तिला त्यांनी हात लावला नाही. ज्वारीचे दाणे सुपात सरकत होते, खडे टिपले जात होते, कोंडा उडून वहीवर येत होता. ते वहीतून डोळे न काढता कानानं ऐकत होते. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर पुष्पीच्या हळदीशी आले, चौथं संपलं.

नंदाबाईंचा हात एकदाही थांबला नाही.